सहावी लेन, डावीकडून

मी आयुष्यभर मुलींचे हात पाहिले. ज्योतिषीण म्हणून नव्हे, पोहण्याच्या शर्यतीतली टर्न जज्ज म्हणून. एका स्थानिक कार्यक्रमपत्रिकेत या पदाला ‘वळण-पंच’ असं छापलं होतं. ते वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी समज करून घेतला की मी चौकात उभी राहून गाड्यांना हात दाखवते. तो समज मी कधी दूर केला नाही, कारण खरं काम सांगितलं तर लोकांना ते त्याहूनही बिनकामाचं वाटतं.

काम असं. शर्यत सुरू झाली की नेमून दिलेल्या लेनच्या टोकाशी, अगदी काठावर उभं राहायचं. मुलगी पोहत येते, भिंतीला हात लावते, वळते आणि निघून जाते. तो हात नियमाप्रमाणे लागला की नाही एवढंच पाहायचं. लागला असेल तर काही करायचं नाही. नसेल तर आपला हात डोक्यावर सरळ वर करायचा, चिठ्ठीवर लेनचा नंबर आणि चूक लिहायची, खाली सही करायची आणि चिठ्ठी आपल्या प्रमुखाच्या हाती द्यायची. मुलीशी बोलायचं नाही. तिच्या कोचशी नाही, शेजारच्या लेनच्या पंचाशीही नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळी गॅलरी ओरडत असते आणि आपण पांढरी साडी नेसून, पदर खोचून, पाण्याकडे पाहत गप्प उभ्या. या कामाला एकटं राहायची सवय असलेलं माणूस लागतं. ती मला घरीच लागली होती.

मी नागपुरात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास गावातल्या पोहण्याच्या टँकवर दुपारी दोन ते चार बायकांची वेळ सुरू झाली आणि ती सांभाळायला बाई हवी म्हणून मला धरून नेलं. दुपारी दोन ही वेळ ज्यानं ठरवली त्याला नागपूरचा मे महिना माहीत नसावा, किंवा पुरता माहीत असावा. काठावरच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नसे. मी छत्री, शिट्टी आणि ओल्या गोणपाटाचा एक तुकडा घेऊन जायची, आणि गोणपाटावर उभी राहायची.

गिऱ्हाईकं एकेक नमुना होती. एक वकिलीणबाई होत्या. त्या रोज येत, तिसऱ्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसत आणि चारला उठून घरी जात. आठ दिवसांनी मी त्यांना म्हटलं, आता हात-पाय हलवायला शिका. त्या म्हणाल्या, मला पोहणं शिकायचं नाही, मला मे महिना काढायचा आहे. त्यांनी असे सहा मे महिने काढले. एक आई मुलीच्या कमरेला विहिरीचा दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून काठावर बसायची. मुलगी खोल पाण्याकडे गेली की बैलाला ओढावं तशी ओढायची. ती मुलगी पुढे उत्तम पोहू लागली, पण आईनं दोर सोडला नाही.

मुलींच्या शर्यती वाढल्या तशी बाई-पंचांची गरज वाढली. पोरी पोहत असताना पुरुषांनी काठावर उभं राहून वाकून पाहावं हे पालकांना पसंत नसे. म्हणून मी परीक्षा दिली. बारा जणांत मी एकटी बाई होते. पास झाले आणि तेव्हापासून दर हिवाळ्या-उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावी जाऊन लोकांच्या मुली बाद करू लागले.

हो, बादच. आमच्या कामाचं दुसरं नाव तेच. एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत मी एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी बाद केली. तो संध्याकाळी महाल या जुन्या वस्तीतल्या माझ्या खोलीवर आला. तिथे मी आणि माझी आई राहत होतो. त्यानं आरडाओरडा केला नाही. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “तुम्हाला मूलबाळ नाही ना, म्हणून तुम्हाला जमतं हे.” आई आत होती, तिनं ऐकलं. मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. पण ते वाक्य माझ्याजवळ राहून गेलं. पुढे कितीतरी वर्षं हात वर करताना ते ऐकू यायचं.

आता पुष्पाचं सांगते. खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आणि इतका वेळ टाळत होते.

पुष्पा निनावे महालातलीच, आमच्या मागच्या गल्लीतली. वडील हातमागावर लुगडी विणायचे. पुष्पा आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांना कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातानं सूत धरून सावकाश सोडायचं. मुलगी टँकवर आली ती अकराव्या वर्षी, शाळेकडून. पाण्याला भ्यायली नाही. दोन महिन्यांत माझ्याकडचं सगळं शिकून संपवलं. खांदे तर असे, की तिच्या वयाच्या मुलांना नसतील.

तिच्यात खोट एकच होती. उजवा हात धावायचा आणि डावा सूत धरल्यासारखा मागे राहायचा. फार नाही, केसाएवढा. फ्रीस्टाइलला त्यानं काही बिघडत नाही, तिथे भिंतीला एक हात लागला तरी चालतं. पण ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत, बटरफ्लायलाही तसंच. आणि पुष्पाला पोहायची होती मेडली.

मेडली म्हणजे एका मुलीनं चौघींचं काम करायचं. पहिली लांबी बटरफ्लाय, दुसरी पाठीवर, तिसरी ब्रेस्टस्ट्रोक, शेवटची फ्रीस्टाइल. बाकीच्या शर्यतीत मुलीला आपल्या हातखंड्यावर निभावून नेता येतं. मेडलीत जे येत नाही तेच आधी वर येतं. आणि सगळ्यात जास्त मुली बाद होतात त्या तिसऱ्या लांबीच्या शेवटी. जीव दमलेला असतो, मन पुढच्या फ्रीस्टाइलमध्ये जाऊन पोचलेलं असतं, आणि एक हात भिंतीला लागताच दुसरा परत फिरतो.

मी एक उपाय केला. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून, ठोकून सपाट केला, कडा वळवल्या आणि टँकच्या टोकाला भिंतीवर दोरीनं लटकवला. दोन्ही हात एकदम पडले की एकच आवाज यायचा. डावा मागे राहिला की दोन. पुष्पा पोहायची आणि मी छत्रीखाली डोळे मिटून उभी राहायची. “दोन,” मी म्हणायची. ती परत जायची. “दोन.” परत. कधी कधी दुपारभर दोनच. वकिलीणबाई तिसऱ्या पायरीवरून म्हणायच्या, अहो बाई, सोडा ना तिला, माझं डोकं उठलं. एका पावसाळ्यापूर्वी, टँक बंद व्हायला चार दिवस राहिले असताना, तिनं सलग वीस वेळा एकच आवाज काढला. त्या दिवशी मी तिला घरी जेवायला नेलं. आईनं तिला पाटवडीचा रस्सा वाढला. मग महिन्यातून एकदोनदा ती जेवायला येऊ लागली. आई तिच्या केसांना तेल लावायची, टँकच्या पाण्यानं झाडू झाले म्हणून. आई गेल्यावरही ती येत राहिली. आम्ही दोघी फारसं बोलत नसू, पण ताटं दोन असायची.

पुढे तिला मोठे कोच मिळाले, शिबिरं मिळाली, राज्याची आणि मग देशाची टोपी मिळाली. पण तिचे हात मी घडवले होते, आणि हे मी लोकांना ऐकवायला चुकत नसे.

ती अठरा वर्षांची असताना कलकत्त्याला आशियातल्या सात-आठ देशांची स्पर्धा झाली. दोनशे मीटर मेडलीत पुष्पा होती. बाई-पंच कमी म्हणून मलाही बोलावणं आलं. नागपूरच्या स्टेशनवर आम्ही एकाच डब्यात चढलो. तिच्या वडिलांनी, निनावेकाकांनी, माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाले, “पोरीवर ध्यान ठेवजा बाई.” ठेवीन म्हटलं.

इथे वाचकांना एक कंटाळवाणी गोष्ट समजून घ्यावी लागेल, पण तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. तलावाला दोन टोकं असतात. जिथून उड्या मारतात ते सुरुवातीचं टोक, समोरचं वळणाचं. सुरुवातीच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की एक नंबरची लेन उजव्या हाताला येते. वळणाच्या टोकाला उभं राहिलं की तीच डाव्या हाताला. म्हणजे टोक बदललं की मोजणी उलटी. आमच्या नागपूरच्या टँकवर दोन्ही भिंतींवर रंगानं नंबर घातले होते, त्यामुळे मला कधी मोजावं लागलं नाही. कलकत्त्याला लेन आठ होत्या आणि नंबर फक्त सुरुवातीच्या टोकाच्या उडीच्या ठोकळ्यांवर होते.

सकाळच्या फेऱ्यांना मी सुरुवातीच्या टोकाला होते. सकाळभर उजवीकडून मोजत होते. दुपारी अंतिम शर्यतींना आमची टोकं बदलली. आमच्या टोकाचे प्रमुख म्हणजे एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते, धोतर, पांढरा शर्ट आणि छातीवर बिल्ला. त्यांनी आम्हाला हातानंच जागा दाखवल्या, तुम्ही इथे, तुम्ही तिथे. आणि मग रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाच्या लेनमध्ये कुणाची आपली मुलगी असेल तर आत्ताच सांगा, बदलून देतो.

मी समोर पाहिलं. पन्नास मीटरवर मुली ठोकळ्यांमागे येऊन उभ्या राहत होत्या. माझ्या बरोबर समोर पुष्पा होती. टोपीत सगळ्या सारख्या दिसतात, पण चालणं लपत नाही.

मी बोलले नाही. का बोलले नाही याचा विचार मी इतक्यांदा केला आहे की आता तो झिजून गुळगुळीत झाला. आपल्या मुलीलाही आपण परक्यासारखं पाहू शकतो, ही एक घमेंड होती. त्या अधिकाऱ्याला बारा वर्षांनी द्यायचं उत्तर होतं. शिवाय तिचे दोन्ही हात एकदम पडतील याची मला खात्री होती, आणि ते मलाच पाहायचं होतं. तेवढं बोलले असते तर तिथे दुसरं कुणी उभं राहिलं असतं, आणि जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं.

शर्यत सुटली. बटरफ्लायनं पुष्पा माझ्या भिंतीशी आली, दोन्ही हात स्वच्छ लागले. पाठीवर गेली. परत माझ्याकडे ब्रेस्टस्ट्रोकनं येताना ती चौथी होती, पण तिसरीच्या टाचेला लागलेली. गॅलरी उठून उभी राहिली होती. मी वाकले. तिचे हात आले. उजवा लागला. डावा यायला निघाला, भिंतीपासून वीतभर अंतरावरून परत फिरला, आणि ती फ्रीस्टाइलनं निघून गेली.

माझा हात वर गेला. मी तो वर केला असं म्हणणं खोटं होईल, तो गेला. मग मी चिठ्ठी काढली. मान उचलली, लेन मोजल्या. उजवीकडून एक, दोन, तीन. ‘तीन’ लिहिलं. ‘ब्रेस्टस्ट्रोक, एका हाताचा स्पर्श’ लिहिलं. सही केली. प्रमुखांनी चिठ्ठी घेतली आणि धोतराचा सोगा धरून ते काठाकाठानं घाईनं पलीकडे गेले.

माझा वर गेलेला हात शेकडो लोकांनी पाहिला असेल. पण आमच्या धंद्यात हात म्हणजे नुसती वर्दी असते, खरी असते ती चिठ्ठी.

शर्यत संपली. चार नंबरची लेन पहिली, पाचची दुसरी, तीनची तिसरी आणि पुष्पा चौथी आली. लाऊडस्पीकरवर आधी इंग्रजीत, मग बंगालीत निकाल सांगितला. तीन नंबरच्या लेनची मुलगी बाद. तिसरी आली पुष्पा निनावे, भारत. गॅलरीत नागपूरहून आलेले पाच-सहाजण होते, ते बाकावर चढले. त्यातला एक लगेच नागपूरला ट्रंक कॉल लावायला धावला.

मला पहिल्यांदा आनंद झाला. हे लिहायलाच हवं. क्षणभर मला वाटलं, वा, पोरीला मेडल मिळालं. आणि मग वाटलं, कसं मिळालं?

समोरच्या टोकाला ती दुसरी मुलगी दिसत होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशाची, बारीकशी. ती आपल्या कोचसमोर दोन्ही हात पुढे करून उभी होती, तळवे बाहेर, जसे भिंतीला लावतात तसे. एकदम लावले, एकदम लावले, असं ती त्याला दाखवत होती. मी मुलींचे चेहरे पाहत नाही. हात पाहते. ते हात मी पाहिले आणि डावीकडून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

बक्षीस द्यायचा चौथरा आणत होते. पुष्पा अंगावर कोट घालून त्याच्याजवळ उभी होती. ती हसत नव्हती, उड्या मारत नव्हती. ती लांबून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बाईंनी शिकवलं म्हणून बघते आहे. मी नजर खाली घातली आणि काठावरच्या खुर्चीत बसले.

दहा मिनिटं असतील. त्या दहा मिनिटांत माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी काय बोलले असते? गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. चिठ्ठी माझी, सही माझी, डोळे माझे. त्या लेनच्या टोकाला दुसरं कुणी नव्हतंच. नागपूरच्या मुलीच्या गळ्यात मेडल पडलं असतं, आणि ती परकी मुलगी आपल्या देशात जाऊन चार दिवस रडली असती. मला ते मंजूर होतं. खरंच मंजूर होतं. फक्त ते तळवे डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मी उठले आणि काठानं चालत गेले. पन्नास मीटर. आधी आमचे प्रमुख, मग मुख्य पंच. मुख्य पंचांनी ऐकून घेतलं आणि मला दुसरी कोरी चिठ्ठी दिली. मी ‘सहा’ लिहिलं. त्यांनी हिंदीत विचारलं, छह में कौन है, आप जानती हैं? मी म्हटलं, जानती हूँ. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी घेतली. लाऊडस्पीकरवर दुरुस्ती सांगितली गेली. पुष्पा तिसरी तर नव्हतीच, आता चौथीही नव्हती. तिचं नाव यादीतून गेलं.

परतीच्या प्रवासात ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चिवड्याचा डबा तसाच परत आला. ट्रंक कॉलचा प्रताप असा, की नागपूरच्या स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते. दुसरा फोन कुणी केलाच नव्हता. गाडीतून उतरलेल्या माणसांनी प्लॅटफॉर्मवरच सगळं सांगितलं आणि हार हळूहळू हातातच खाली गेले. निनावेकाका गर्दीच्या मागे सायकल धरून उभे होते. त्यांनी पोरीची पिशवी हँडलला अडकवली. मग माझ्याकडे आले. मला वाटलं, ओरडतील, आणि ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी तं घरच्या होत्या.”

पुढचं थोडक्यात. तीन आठवड्यांनी वरून एक पत्र आलं. चिठ्ठी लिहिताना आपल्याकडून हयगय झाली, यापुढे काळजी घ्यावी. चूक केल्याचं पत्र आलं, चूक कबूल केल्याचं येत नसतं, हे मला त्या दिवशी समजलं. गावात लोक दोन तऱ्हांनी बोलत. काही म्हणत, बाईनं आपल्या पोरीचं मेडल काढून परक्या पोरीला दिलं. काही म्हणत, आधी घोटाळा केला आणि मग पकडली जाईल म्हणून भ्याली. दुसऱ्या बोलण्याचा मला जास्त त्रास व्हायचा, कारण त्यातला अर्धा प्रश्न माझाही होता. उजवीकडून मोजायची सकाळची सवय, हे खरंच आहे. पण वीस वर्षांत हजारभर चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात नंबर एकदाच चुकला, आणि तो नेमका पुष्पाच्या वेळी. तो हाताच्या सवयीनं चुकला की मनानं, हे मला आजही सांगता येणार नाही. सांगता आलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

पुष्पानं टँकवर येणं सोडलं. जेवायलाही आली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं आणि ती पवनीला गेली. पत्रिका आली नाही. वरातीचा बँड आमच्या गल्लीवरून गेला तेव्हा मी खिडकी लावून घेतली नाही, एवढंच. मला नंतर स्पर्धांना कमी बोलावू लागले, मग बंदच झालं. टँकवरची बायकांची वेळ मात्र माझ्याकडे राहिली, कारण दुपारी दोनला फरशीवर उभी राहायला दुसरी बाई तयार नव्हती. संध्याकाळी स्वयंपाक करताना मी बरेच दिवस दोघींची कणीक मळायची. मग ती सवयही गेली.

कलकत्त्यानंतर बारा वर्षांनी, मीही निवृत्तीला आलेली असताना, एका मे महिन्यात तीनच्या सुमारास टँकच्या दारातून एक बाई आत आली. अंगानं भरलेली, केस आखूड केलेले. त्या दिवशी पाण्यात चार-पाच जणी होत्या, सगळ्या पायऱ्यांपाशी. मी वळणाच्या टोकाला गोणपाटावर उभी होते. ती बाई कपडे बदलून आली, सुरुवातीच्या टोकावरून पाण्यात उतरली आणि ब्रेस्टस्ट्रोकनं माझ्याकडे येऊ लागली.

चेहरा दिसायच्या आधी मला हात कळले.

पत्रा अजून तिथेच होता. पहिला गंजून गेला होता, हा तिसरा की चौथा. ती भिंतीशी आली. उजवा हात पत्र्यावर पडला. डावा तिनं मुद्दाम पाठीमागे धरून ठेवला होता.

माझा हात डोक्यावर गेला.

ती पाण्यात उभी राहिली आणि माझ्या त्या वर गेलेल्या हाताकडे पाहत राहिली. मलाही तो खाली घेता येईना.

“अजूनबी जाते तुमचा हात,” ती म्हणाली.

“जाते वं,” मी म्हटलं.

ती वर आली आणि माझ्या बाजूला काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. फरशी तापली होती, म्हणून मी गोणपाट तिच्याकडे सरकवला आणि कडेला बसले. तिनं वडील गेल्याचं सांगितलं, दोन मुलं असल्याचं सांगितलं.

“मले तवाच मालूम होतं, बाई,” ती म्हणाली. “डावा हात लागला नाई, ते मले भिंतीपाशीच समजलं. शेवटली लेंथ मी तसीच पोहली, आता नाव येते म्हणून. अन् नाव आलं त्या दुसऱ्या पोरीचं. मंग मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, बाईनं माह्यासाठी केलं.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“ते दहा मिनिटं,” ती म्हणाली, “मले मेडलपेक्षाबी ते बरं वाटून राहिलं होतं. का कोणीतरी आपल्यासाठी खोटं लिहिलं. अन् मंग तुमी उठल्या. काहून उठल्या बाई?”

बारा वर्षं माझ्याजवळ या प्रश्नाची उत्तरं तयार होती. नियमाचं होतं, त्या बारीक मुलीच्या तळव्यांचं होतं, त्या अधिकाऱ्याचंसुद्धा होतं. ती वाट पाहत होती. पाण्यावरच्या उन्हानं दोघींचे डोळे बारीक झाले होते.

“मले मेडल पाह्यजे होतं,” ती शेवटी म्हणाली. रागानं नाही, नुसतंच.

“मलेबी पाह्यजे होतं वं,” मी म्हटलं.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. ती उठली नाही. चार वाजून गेले, पाण्यातल्या बायका आपणहून निघून गेल्या, आणि शिट्टी वाजवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.